विहिरीपासून चाळीस पावलं

सर्व्हेच्या धंद्यात माणूस जातो जमीन मोजायला आणि घरी घेऊन येतो किस्से. बुटातली वाळू झटकली की जाते, हे जात नाहीत. कुवेतमध्ये खैतानला आमच्या घरी शुक्रवारी मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "सुधीर, ते बेटाचं सांग." मी चिपळूणचा, भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेला. तरी सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आम्हाला कुवेतच्या किनाऱ्यासमोरच्या फैलाका बेटावरचं काम मिळालं. तिथं ग्रीक अक्षरं कोरलेला, रोमन काळातला एक दगड सापडला होता. त्यावरच्या मजकुरावरून जुना रस्ता आणि वस्ती शोधायची होती. टोटल स्टेशनमागे, म्हणजे अंतर मोजायच्या दुर्बिणीमागे, मी. समोर प्रिझमची काठी धरून उभे राहणारे दाऊदभाई, दाभोळचे, साठीला आलेले. आणि दगड वाचणाऱ्या एलेना मॅडम. त्यांना आमच्या भाषेतले दोनच शब्द येत, "चला" आणि "पाणी". बाकी सगळं इंग्लिश.

*

आमचा एक नियम आहे. वॉकीटॉकीवर मी पॉइंटचा नंबर सांगायचा, समोरच्यानं तोच परत म्हणायचा. म्हणजे घोळ होत नाही.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो, "एक्केचाळीस."

"एक्केचाळीस," उत्तर आलं. मग जरा थांबून, हळू आवाजात पुन्हा, "एक्केचाळीस."

"दाऊदभाई, एकदाच बोला."

"मी एकदाच बोललो रे."

सेट जुना झालाय म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसातून नवेकोरे सेट नेले. त्यांच्यावरही तेच. तिसऱ्या दिवसापासून मी विचारणंच सोडून दिलं.

*

दाऊदभाई हे काम मागून घेऊन आले होते. का, ते एकदा डबा खाताना कळलं.

त्यांचे वडील गलबतावर खलाशी. या बेटाजवळ तापानं गेले. सोबतच्यांनी किनाऱ्यावर दफन केलं आणि वारा धरून पुढं निघाले. दाऊदभाई तेव्हा तीन वर्षांचे. तांडेल गावी परतला तेव्हा त्यानं आईला एवढंच सांगितलं, "जुन्या विहिरीपासून समुद्राकडं चाळीस पावलं. डोक्याशी दगड लावलाय, त्यावर नांगर कोरलाय."

जुनी विहीर कुठली, हे सांगणारं कुणी उरलं नाही. दाऊदभाई तीस वर्षं कुवेतमध्येच, जलीब वस्तीतल्या एका खोलीत राहिले, सुट्टीच्या दिवशी बेटावर येऊन शोधत राहिले. आता व्हिसा कॅन्सल होणार होता, महिन्याभरात कायमचं घरी. आई नव्वदीची. दर शुक्रवारी फोनवर एकच विचारते, "भेटला का?" सापडला का असं नाही, भेटला का.

"कबरीवर फातिहा पढल्याशिवाय कुठल्या तोंडानं जाऊ सांग," दाऊदभाई म्हणाले. मी माझा डबा झाकून ठेवला.

*

दगडावरची अक्षरं वाऱ्यानं झिजलेली. अशा वेळी ओला कागद दगडावर ठेवून ब्रशनं ठोकतात. वाळला की अक्षरं कागदावर उठतात. एका गुरुवारी बेटावर धूळ फार होती, म्हणून तो ओला ठसा मी घरी आणला. बायकोनं बाल्कनीत पापड घातले होते, त्यांच्याशेजारी ठेवला.

पापड तासाभरात वाळले. कागदही वाळला, फक्त खालची एक ओळ सोडून. ती तीन दिवस ओली! तिसऱ्या दिवशी मुलीनं बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, इट्स कोल्ड."

मॅडमनी मजकूर वाचून दाखवला. "इथून विहीर शंभर पावलं. वाटसरू, पाणी काढण्याआधी हाक दे."

ओली राहिली होती ती हाकेची ओळ. तेव्हापासून बायको माझं कुठलंच सामान बाल्कनीत ठेवू देत नाही.

*

शंभर पावलं म्हणजे किती, तर ज्याचे त्याचे पाय. मॅडमनी आम्हा दोघांना चालवून, स्वतःही चालून सरासरी काढली आणि रस्ता असावा अशी एक रेघ आखली. दाऊदभाई काही त्या रेघेवरून चालेनात. हातभर बाजूनं चालायचे.

"मधून चाला की," मी ओरडलो.

"समोरून कोणी येत असंल तर?"

मी पोट धरून हसलो. चार दिवसांनी वाळू काढली. खाली रस्त्याच्या कडेचे दगड निघाले, सरळ ओळीत. बाजूच्या न उकरलेल्या वाळूत दाऊदभाईंच्या रोजच्या पावलांचे ठसे त्या कडेला अगदी लागून होते, एकही आत नव्हता.

*

विहीर सापडली ती शेवटच्या आठवड्यात. दगडी कडं, आत वाळूच वाळू. दाऊदभाई जवळ जाण्याआधी खाकरले आणि म्हणाले, "आलो हो."

या वेळी मी हसलो नाही.

मग ते समुद्राकडं तोंड करून मोजत निघाले, मी टोटल स्टेशनपाशी. सवयीनं प्रत्येक आकडा सेटवर म्हणत होते, मी परत म्हणत होतो. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

तिथं काही नव्हतं. सपाट वाळू. दाऊदभाई मागं फिरले. मला त्यांच्याकडं बघवेना. मी स्टँड आवरायला घेतला.

मान वर केली तर ते अजून पुढं गेले होते आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी वाळू उकरत होते. दगडाचं टोक निघालं. त्यावर कोरलेलं काही दिसत नव्हतं. मॅडमनी कागद ओला केला. या वेळी तो तासात खडखडीत वाळला, आणि तिरप्या उन्हात धरला तेव्हा त्यावर नांगर होता.

दाऊदभाईंनी फातिहा पढला. मी टोपी काढावी की घालावी ते न कळून नुसता उभा राहिलो आणि रडलो.

परतीच्या बोटीत त्यांनी माझा हात धरला. "मी मागं फिरलो होतो रे. तू सेटवर 'अजून दोन' बोललास म्हणून पुढं गेलो."

"मी कुठं बोललो? मीही ऐकलं ते. मला वाटलं, तुम्हीच बोलताय."

आम्ही दोघांनी वळून मॅडमकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बाटली पुढं केली.

"पाणी?"