शेवटच्या नंबरची वैशाली

“पुन्हा ही वैशालीच शेवटची? अहो पवार, किती चालवून घ्यायचं? महिनाअखेरीला बदलीची ऑर्डर काढतो. बसू दे भांडारात.”

साहेब डॅशबोर्डकडे बघत होते. कोणत्या वॉर्डचं काम कसं चाललंय, हे दाखवणारा हा पडदा सांभाळणं ही निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक. पद्धत सोपी होती. तक्रारी कमी, तो वॉर्ड वर. जास्त, तो खाली. वैशाली ड्रेनेजची जेई, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअर. तिच्याकडे तक्रारींचा ढीग. शेजारच्या वॉर्डात जवळपास काहीच नाही, म्हणून तिथला जेई पहिला.

मला ते पटेना. ही मुलगी चेंबरच्या तोंडाशी उभी राहून काम करून घ्यायची आणि पुणेकरांशी न भांडता बोलायची. आमच्या खात्यात हे दोन्ही गुण एका माणसात सापडत नाहीत. भांडारात पाइप मोजत बसली असती तर कोमेजून गेली असती. साहेबांना म्हटलं, “आधी बघून येतो.”

गेलो तर जेटिंगची गाडी लागलेली. जोरात पाणी मारून चोकअप काढते ती. शेजारी पिशवी घेतलेले एक पेन्शनर काका देखरेख करत होते.

“वैशाली, तुझ्याकडेच एवढ्या तक्रारी कशा गं?”

“सर, यातल्या निम्म्या रस्त्यापलीकडच्या वॉर्डातल्या आहेत. पण मैलापाणी हद्द बघून थांबत नाही ना.”

काकांनी खुलासा केला. “मी पलीकडे राहतो. तिथून तक्रार केली की ‘कार्यवाही पूर्ण’ असा मेसेज येतो. मेसेज मोबाइलवर, पाणी अंगणात. म्हणून रस्ता ओलांडतो आणि इथे उभा राहून ॲपवर टाकतो. ॲप मला या वॉर्डातला समजतं. शिवाय चालणं होतं.”

“काका, तुमच्या या चालण्यापायी हिची बदली होतेय.”

काकांचा चेहरा उतरला. पिशवी काखेत मारून ते घाईघाईने निघाले.

पुढच्या आठवड्यात वैशालीचा वॉर्ड पडद्यावर एकदम हिरवा झाला. साहेब खूश. “बघा, बदलीच्या नुसत्या धाकाने सुधारली!”

तेवढ्यात तिचाच फोन आला. आवाज चिडलेला आणि रडवेला.

“सर, काय सांगितलंत तुम्ही लोकांना? कोणी तक्रारच करत नाहीये! गावठाणातल्या आजींच्या मोरीतून पाणी घरात आलं, तर त्या बादलीने उपसत बसल्या. म्हणाल्या, ‘पोरी, ते पिशवीवाले काका सांगून गेले, आमच्या तक्रारींनी तुझं नाव खराब व्हतंय म्हणं. आमाला सवय हाय.’ सर, मला भांडार चालेल. हे नाही चालणार.”

फोन स्पीकरवर टाकून मी तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. साहेब ऐकत राहिले. वाईट माणूस नव्हता तो, फक्त खुर्चीतून फार उठत नसे.

“मग मोजायचं काय, पवार?”

“तक्रारदाराला फोन करून विचारायचं, काम झालं का. तो हो म्हणेल तेव्हाच तक्रार बंद. आणि अशा खरोखर बंद झालेल्या तक्रारींवर नंबर.”

साहेबांनी कुरकुर केली, पण मान्य केलं. वैशालीच्या तक्रारी पुन्हा वाढल्या आणि तरी ती वर आली. पहिल्या नंबरवाला तळाला गेला. मग नाइलाजाने का होईना, साइटवर दिसू लागला. बदलीचा विषय पुन्हा निघाला नाही. मी एवढंच शिकलो, की लोक गप्प असले तर आधी जाऊन बघावं.

मध्यंतरी मंडईत काका भेटले. मी मोठ्या अभिमानाने विचारलं, “काय, आता पलीकडचा जेई येतो ना?”

“येतो हो. पाणीही येत नाही अंगणात.” काका मेथीची जुडी उलटसुलट बघत म्हणाले, “पण माझं चालणं बंद झालं. त्याची तक्रार आता कोणत्या वॉर्डात करू?”