नडगीचं दुखणं आणि मी मोजलेला रस्ता

मंडळी, आज सकाळी अंबरनाथ पूर्वेला पळायला निघालो आणि चारशे मीटरवर थांबलो. डाव्या नडगीत तीच कळ. पाच महिने झाले.

पळणं मी स्वतःच शिकलो, कोच नाही. बर्फ, नवे बूट, तीन आठवडे विश्रांती, सगळं करून झालं.

रोज चालायला येणाऱ्या कांबळेताई म्हणाल्या, "भाऊ, कितीदा सांगितलं, मैदानात मातीवर पळा. तुमचं आपलं काँक्रीटच!"

काँक्रीटच्या रस्त्यावर मी टेपने मोजून खुणा केल्यात. मैदानात अंतर चोख कळत नाही, म्हणून त्यांचं कधी ऐकलं नाही.

आज ऐकलं. मातीवर जेमतेम पन्नास पावलं, पुन्हा तीच कळ. लंगडत घरी आलो.

यातून कुणी परत पळू लागलंय का? धीर देऊ नका, खरं सांगा.