पडद्यामागचे दोन आवाज

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कानपूरच्या एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बसले होते. हाडांच्या विभागातल्या दोन निवासी डॉक्टरांना विचारत होते, पहिल्या वर्षी ऑपरेशन करायला मिळतं का, की नुसतं प्लास्टर आणि फाइली. फोनवर धाकटा भाऊ होता. म्हणाला, "ताई, आत्या गेली. चाय घेऊन जरा आडवी झाली, बस... उठलीच नाही." समोरचा डॉक्टर अजून सांगतच होता, "दूसरे साल से तो हम ही करते हैं." मी मान डोलावली, एवढं आठवतं. उठून निघायचं असतं, हे सुचायलाही वेळ लागला.

कुसुमआत्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आणि लक्ष्मी गेटजवळच्या आमच्या घरीच राहिली. आमचं सगळं शहर हिंदी बोलणारं; आम्ही भावंडंही हिंदीत उत्तर द्यायचो, तेव्हा तिला ऐकू यायचं नाही. तेच मराठीत म्हटलं की लगेच यायचं. एमबीबीएसनंतर मला हाडांची शस्त्रक्रिया शिकायची आहे म्हटल्यावर आत्याने एवढंच विचारलं, "शिकवणारा कोण आहे?"

तेच शोधत मी हॉस्पिटलं बघत हिंडत होते. आमच्याच शहरात सदर बाज़ारच्या पलीकडे एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथे आत्या जाण्याच्या महिनाभर आधी मला हाडांच्या विभागात तिसऱ्या वर्षाला असलेले डॉ. प्रशांत भेटले. "मैडम, यहाँ हाथ चलाने को मिलता है," ते म्हणाले. "सर पास खड़े रहते हैं, छीनते नहीं." मला ते फार आवडलं. घरी येऊन यादीत त्या नावापुढे मी मोठी खूण केली.

त्याच आठवड्यात आत्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या घरच्या लग्नाला चिरगाँवला गेली आणि बसमधून उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तिला त्याच हॉस्पिटलात आणलं. खुब्याचा गोळा बदलायचं ठरलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी मोठ्या सरांच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "सर, केस आप ही कीजिएगा."

त्यांनी चष्मा काढला. "और सीट भी यहीं लेनी है?"

रागावले नव्हते ते. आत्याला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुला शिकायला दुसऱ्या कुणाची तरी आत्या लागणार." आणि संमतीच्या कागदावर सही करताना तिनेच डॉ. प्रशांतना सांगितलं, "बेटा, जिसकी बारी है, वही करे."

भूल कमरेखालीच दिलेली, त्यामुळे ती पूर्ण जागी होती. ऑपरेशननंतर मी विचारलं, कुणी केलं? "मधे पडदा होता गं. पलीकडे दोन आवाज होते. एक सांगत होता, दुसरा 'जी सर' म्हणत होता. वर्ग चांगला होता." मला बरं वाटलं. पण चार दिवसांनी भात कालवता कालवता ती आपणहून म्हणाली, "मधे एकदा मात्र दोघंही गप्प झाले होते... बराच वेळ." मी विचारलं, म्हणजे काय झालं होतं? "मला काय कळणार? मी पाढे म्हणत होते." मग लगेच, "तू तिथेच शीक." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, "घाई करू नकोस, नीट बघ."

घरी आल्यावर ती चालायला लागली होती. तिसऱ्या आठवड्यात गेली. फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. कितीही सराईत हातांनी ऑपरेशन केलं तरी असं होऊ शकतं, हे मी स्वतः परीक्षेत लिहिलंय. तरी ती शांतता माझ्या डोक्यातून जात नाही. रक्त थांबवत असतील, माप बघत असतील, की काही चुकलं असेल? ऑपरेशनच्या नोंदीत दोघांचीही नावं आहेत, सरांचं वर. डॉ. प्रशांत दहाव्या दिवशी घरी आले, चहा न घेता अर्धा तास बसून राहिले. मी विचारलं नाही. त्यांच्याकडे उत्तर असावं असं मला हवं होतं की नसावं, तेही मला कळेना.

परवा प्रवेशासाठी हॉस्पिटलांचा पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस होता. मी तेच हॉस्पिटल पहिलं लिहिलं. बाबांनी विचारलं, "विचार केलास ना?" मी हो म्हटलं. खरं तर विचार कुठेच पोचला नव्हता.

आत्याला वॉकर घेऊन फिरता यावं म्हणून आम्ही बैठकीतला दिवाण, खुर्च्या, शिलाईचं मशीन, सगळं भिंतीला लावलं होतं. तिच्या खोलीपासून मोरीपर्यंत मोकळी वाट केली होती. आता महिना होऊन गेला. सामान जागच्या जागी लावू या, असं आई रोज म्हणते, पण कुणी हात लावत नाही. पाहुणे आले की भिंतीकडेच दाटीवाटीने बसतात, आणि त्यांना चहा द्यायला निघालेली मीही त्या मोकळ्या वाटेच्या कडेकडेनेच जाते.