दोघांचा डबा

तो सगळ्यांना मालक म्हणायचा. एसटीचा कंडक्टर मालक, रिक्षावाला मालक, पुंडलिकनगरात आमच्या खोलीखाली झोपणारं कुत्रंसुद्धा मालक. "मालक, जरा पाय आवरा, सायकल काढायची हाय." स्वतःजवळ काही नसताना हा माणूस इतक्या मोकळ्या हातानं दुसऱ्यांना मालकी वाटतो, याचं आम्हाला हसू यायचं. म्हणून आम्ही त्यालाच मालक म्हणायला लागलो. पुढं तो खरोखरच मालक झाला. मग ते नाव थट्टेनं घेता येईना आणि सरळ घ्यायला माझी जीभ वळेना. अजूनही मी ते थोडं अडखळतच घेतो.

आम्ही दोघं गंगापूर तालुक्यातल्या एकाच गावचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, त्याच्या घरातून तो. त्याचे आईवडील मेंढरं राखणारे. पावसाळा सरला की कळप घेऊन निघायचे, ते पुढच्या पावसाच्या तोंडी परतायचे. त्यामुळं त्याला गावाकडून डबा यायची सोय नव्हती. माझा यायचा. आमच्याकडं ती पद्धतच आहे. पोरगं शहरात शिकायला असलं की आई सकाळच्या एसटीत त्याचा डबा ठेवते. ड्रायव्हरशेजारी इंजिनाचं झाकण असतं, त्यावर डबे ओळीनं बसतात आणि इंजिनाच्या धगीनं भाकरी शहर येईपर्यंत कोमट राहते. स्टँडवर ज्यानं त्यानं आपापला डबा उचलायचा. मालक माझ्या खोलीत राहायला आला आणि आईनं दोघांचं पाठवायला सुरुवात केली.

"त्याची माय कुठल्या रानात आसंल, काय माहीत," ती फोनवर म्हणाली. "त्याच्यासमोर तू एकटाच कसा खाशील रे?"

मला चाललं असतं, हे मी तिला सांगितलं नाही.

डबा आणायला मात्र रोज तोच जायचा. सकाळी माझे तास असायचे. तास त्याचेही असायचे, पण तो म्हणायचा, "अर्धी भाकर खातो, तर चक्कर पुरी माझी." हळूहळू आमच्या गल्लीतल्या आणखी काही पोरांचे डबेही तो सायकलच्या हँडलला अडकवून आणू लागला. शेजारच्या खोलीत किनवटकडचा एक मुलगा होता. त्याचं गाव इतकं लांब की तिकडून निघालेली भाकरी इथं शिळी होऊनच पोचली असती. मेसच्या पातळ भाजीला तो कंटाळला होता. आम्ही डबा उघडला की हा दारात येऊन उभा. एकदा त्यानं विचारलं, "मालक, मला पण असा डबा मिळंल का?" मालक तेव्हा नुसता हसला. पुढचं मला आईकडूनच कळलं.

"आरं, त्या किनवटच्या पोराचा डबा मीच करते आता. मालकानं इचारलं."

"मला कुणी विचारलं?" मी म्हणालो.

"तुला कामून इचारायचं? चुलीपुढं तू बसतो का मी?"

असा त्याचा धंदा सुरू झाला. मी कॉमर्सचा विद्यार्थी. व्यवसायाची उभारणी या प्रश्नाचं उत्तर मी पानंच्या पानं लिहीत असे आणि गुणही बरे पडत. शेजारच्या खाटेवर तो फोनवर एकेका बाईशी बोलून तोच प्रश्न सोडवत असायचा. आईनंतर गावातल्या आमच्या शेजारीण कडूबाई आल्या, मग मारुतीच्या पाराजवळच्या दोघी-तिघी. प्रत्येकीला डब्याचे पैसे महिन्याला घरपोच. आईच्या हातात स्वतःचे पैसे आले. माझ्या वडिलांनी सुरुवातीला कपाळाला आठ्या घातल्या. पुढं तेच मला म्हणाले, "पोरगं धंद्याचं हाय. तुझं काय चाललंय?" माझं शिक्षण चाललं होतं. ते सांगितल्यावर ते "बरं" म्हणाले. त्या "बरं"चा मला फार राग आला.

डबे बायांच्या घरचेच होते, लग्नात आहेर आलेले, नाव कोरलेले. आईच्या डब्यावर 'सौ. रुक्मिणी' असं बारीक ठिपक्यांचं नाव आहे. गावात तिला या नावानं कुणी हाक मारत नाही. ती माझी आई म्हणूनच ओळखली जाते, आणि मला ते बरं वाटायचं. आता गल्लीतली अनोळखी पोरं जिन्यात उभं राहून म्हणू लागली, "मालक, आज रुक्मिणबाईचा द्या ना." तिच्या ठेच्यात ती भाजलेले शेंगदाणे जाडसर ठेवते, हे आमच्या घरातलं गुपित आहे असं मी समजत होतो. त्यावर हिंगोलीचा एक मुलगा माझ्यासमोर बोटं चाटत व्याख्यान द्यायचा. मी मान डोलवायचो. 

मालक त्या विकायच्या डब्यांना कधी शिवला नाही. एखादा डबा उरला तरी तो गल्लीतल्या वॉचमनला द्यायचा आणि स्वतः माझ्या डब्यातलीच भाकरी खायचा. "विकायचं मेंढरू आपल्या घरी कापत नसतात," तो म्हणायचा. मला वाटायचं, सगळ्या जगाला डबे पुरवतोस, मग माझ्याच डब्यात हात का?

पण त्याचं सुखात चाललं होतं, असंही म्हणता येणार नाही. फोन वाजला की घास खाली ठेवायचा. कंडक्टर बदलला की नवी कटकट, कारण नवा माणूस "हे पार्सल हाय, तिकीट काढा" म्हणायचा आणि त्याला पहिल्यापासून मालक म्हणत पटवावं लागायचं. एकदा वाळूजच्या अलीकडं बस बंद पडली. मालक जीपला लटकत तिथवर गेला, सगळे डबे पोत्यात भरले आणि दुसऱ्या जीपच्या टपावर पोत्याला धरून बसून परत आला. दुपार टळली होती. पोरं जिन्यात तापून उभी होती. एक जण म्हणाला, "ही काय जेवायची वेळ हाय का?" मालकानं पोतं उतरवलं, तोंडावरची धूळ पुसली. "मालक, आधी भाकर खा, मग मला खा." सगळे हसले. त्या गर्दीत मी असतो तर मला असलं काही सुचलं नसतं. मी माफी मागितली असती, आणि माफीवर कुणी हसत नाही.

त्याची चूक झाली ती याच्या नंतर. रुक्मिणबाईच्या डब्यावरून पोरांत भांडणं होऊ लागली. ज्यांच्या डब्याला मागणी नव्हती, त्या बाया गावात रुसू लागल्या. मालकानं विचार केला, नावच दिसलं नाही तर भांडण कशाचं? त्यानं उधारीवर एकसारखे नवे डबे आणले, लाल झाकणाचे, वर त्याच्या धंद्याचं स्टिकर. दिसायला झकास. कुणाचा डबा कुणाकडं गेला, काही कळायचं कारण नव्हतं. आईचं नाव त्या पोरांच्या तोंडून गेलं, म्हणून मी मनातून खूश झालो.

महिनाभरात भाकरी बिघडली. कुणी एक बाई चुकली असं नव्हतं, सगळ्यांचीच भाकरी थोडी थोडी खालावली. कडा जाड, मध्ये कच्ची, ठेच्यात मिठाचाच भरणा. माझ्या डब्यातली मात्र पूर्वीसारखीच होती, कारण तो अजून जुन्याच नावाच्या डब्यात यायचा. पोरं एकेक करून परत मेसकडं वळली. डबेवाल्या दुकानदाराचा माणूस खोलीवर येऊन बसू लागला. मालकाचं तोंड उतरलं. जेवताना तो भाकरीचा तुकडा हातात धरून नुसता बघत राहायचा.

शेवटी तो गावाकडं गेला. मीही त्या दिवशी घरीच होतो. आमच्या ओसरीत सगळ्या बाया जमल्या. त्यानं विचारलं, "मावशे, काय चुकलं माझं?"  मग कडूबाईंनी पदर सावरला.

"चुकलं काय नाय, बाबा. आधी मी माझा डबा भरत व्हते. आता तुझा भरते."

आई खाली बघत होती. म्हणजे तिचंही तेच होतं. मला हे का कळलं नव्हतं, ते मला नीट सांगता येत नाही.

परतीच्या एसटीत मालकानं दोघांचं तिकीट काढलं. मग म्हणाला, "माझा बाप कळपातलं येक येक मेंढरू तोंडावरून वळखतो. आन् मी सगळ्या बायांना येका रंगाचं झाकण घातलं."

लाल डबे त्यानं दुकानदाराला तोट्यात परत केले. नावाचे डबे पुन्हा इंजिनावर बसले. पण आता डबा मागून मिळायचा नाही. आज ज्याला कडूबाईचा, त्याला उद्या दुसरीचा, असा फेरा त्यानं लावून दिला. आणि पोरांना एक अट घातली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, ही गावाकडची रीत. तीच त्यानं शहरात आणली. "डबा धुऊन द्या, पण रिता देऊ नका, मालक. बायांचं भांडं हाय." पोरं आधी हसली, मग पाळू लागली. कुणी खडीसाखर घालायचं, कुणी मूठभर शेंगदाणे, कुणी गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं काहीबाही. बाया डबे परत आणणाऱ्या संध्याकाळच्या एसटीची वाट बघू लागल्या. भाकरी पुन्हा पापुद्र्यानं फुगली.

एका रविवारी आईचा फोन आला. आवाजात हसू होतं. "त्या किनवटच्या पोरानं डब्यात केसाच्या पिना धाडल्या. काळ्या, टोकाला मोती असलेल्या. त्याला कसं सुचलं आसंल?"

 माझा डबा पहिल्या दिवसापासून धुऊन, पुसून, रिकामाच परत जात होता. ते तिच्याही ध्यानात आलं असावं. "तू घरचा हायेस," ती म्हणाली. "तुझा रिता आला तरी चालतंय." तिनं ते मला बरं वाटावं म्हणूनच म्हटलं होतं. मला मात्र ते पुष्कळ दिवस टोचत राहिलं.

गेल्या वर्षी मालकानं गारखेड्यात गाळा घेतला. कॉलेज त्यानं त्याआधीच सोडलं होतं. गाळ्याच्या उद्घाटनाला गावाकडून जीप भरून बाया आल्या, त्यात आईही होती. माझ्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला मी तिला बोलावलं होतं, तेव्हा म्हशीचं कारण निघालं होतं. त्या दिवशी म्हैस कुणी सांभाळली, ते मी विचारलं नाही. तिच्या केसांत मोत्याच्या पिना होत्या. नारळ तिनंच फोडला. पोरं पाया पडायला वाकली, तेव्हा ती लाजून मागं सरली आणि माझ्याच पायावर तिचा पाय पडला. "आगं बाई, तू इथंच हायेस व्हय?" ती म्हणाली.

गर्दीतल्या एका नव्या पोरानं मला विचारलं, "तुम्ही कोण, भाऊ?" मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात मालक मधे आला. "ह्यांना वळखत नाय? रुक्मामावशीचं पोरगं. ह्यांच्या डब्यातल्या अर्ध्या भाकरीवर उभा ऱ्हायला हा गाळा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला रडू आलं नाही. मी विचार करत होतो की ती अर्धी भाकरी मी त्याला कधी दिलीच नव्हती. आईनं दिली होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं खोली सोडली. जाताना खालच्या कुत्र्याला म्हणाला, "येतो, मालक." माझ्या नुसता खांद्यावर हात ठेवून गेला.

आता खोलीत मी एकटाच असतो. शेवटच्या वर्षाचा अभ्यास आहे. आईला मी फोनवर सांगून पाहिलं, "आता तो इथं नाही. एकाचंच पाठवत जा." ती म्हणाली, "गाळ्यातलं तो खात नाय, तुला तर ठाव हाय." ते मला ठाऊक होतं. आजूबाजूला भाकरीची चळत लागलेली असताना तो दुपारपर्यंत चहावर राहतो, हे मी स्वतः बघितलं होतं.

म्हणून डबा अजून दोघांचाच येतो. तास संपले की तो उचलायला मीच स्टँडवर जातो आणि तिथून गारखेड्याला सायकल वळवतो. मालक गल्ल्यावरून उठून हात धुतो, आम्ही मागच्या बाजूला पोत्यावर बसतो, मधे डबा. झाकण मी उघडतो. त्याला देण्याआधी दोन भाकऱ्यांतली मोठी कुठली आहे, हे मी अजून बघून घेतो.