टाकीत राजाला जागा नाही

सुभद्रा नऊ वर्षांची असताना उपड्या होडीमागे बसून तिनं बापाचं आणि बाबलीकाकाचं भांडण ऐकलं होतं. बसली होती शाळा चुकवून, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती.

बापानं गरीला आमिष म्हणून लावायला वीस-पंचवीस बारीक मासे जिवंत धरून कातळाच्या खळगीत ठेवले होते. बाबलीकाकानं त्याच खळगीत एक मोठ्या तोंडाचा गोबरा मासा सोडला, बाजारापर्यंत ताजा राहावा म्हणून. सकाळी बघतात तर खळगीत गोबरा एकटा, आणि पोट नगाऱ्यासारखं.

"रे बाबल्या, माझी मासळी खंय?"

"माका काय इचारतंस? मासो तो. माशांत नाय ठेवचो तर काय देवळात ठेवचो?"

"त्याचा तोंड बघलंस? तुझ्यापरास मोठा आसा!"

भाऊ भाऊ चवथीपर्यंत बोलले नाहीत. गणपती एकाच घरात बसायचा म्हणून नाइलाजानं आरतीला दोघांनी तोंड उघडलं. सुभद्रेची शाळा दुसरीतच सुटली, पण हा धडा पक्का झाला: जो ज्याच्या तोंडात मावतो तो त्याचा शेजारी नव्हे, घास.

पुढे जन्मभर ती रापणीचं जाळं ओढून किनाऱ्याला लागलं की मासे निवडायला बसायची. कोण कोणाला चावतो, कोण कोणाच्या आडोशाला लपतो, हे तिला जावा-नणंदांच्या स्वभावासारखं पाठ होतं.

काचेची टाकी घरात आली ती तिच्या मुलामुळे. दत्तप्रसादची मालवणात राहत्या घरातच खानावळ. घाटावरच्या एका दुकानदारानं त्याला अडीच फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी दिली. दिवा, पंप, दगड आणि डझनभर रंगीत मासे. गिऱ्हाईक सुरमईची थाळी खाता खाता जिवंत मासे बघणार, अशी दत्तूची कल्पना.

"आणि थाळी बघून ते मासे काय म्हणतले, त्याचो इचार केलंस?" सुभद्रेनं विचारलं. दत्तूनं केला नव्हता.

नारळी पौर्णिमेला खानावळ भरलेली. सुनेला, शर्मिलेला, किनाऱ्यावर जायला सवड नव्हती. आत समुद्राचंच पाणी आहे, तर समुद्र घरीच आला म्हणायचा, असं समजून तिनं टाकीत हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडून त्याचं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी टाकीतल्या पाण्याचं ताक झालेलं, आणि ताकावर मासे आडवे.

दत्तू तिच्यावर ओरडला तशी सुभद्रा मधे पडली. "तिका बोल लावू नको. ह्या सगळा समुद्राक चलता, समुद्र मोठो आसा. बालदीभर पाण्याक नाय चलणा. आणि तुझे अर्धे मासे पयलेच एकमेकांनी खाल्ले होते, त्याचा काय? आजपासून टाकी माझी."

दत्तू हसला. "आये, तुका वाचूक येता काय? दुकानदारान पुस्तक दिलाहा."

"माशांका तरी खंय येता?"

दीड महिना तिनं टाकीत दगड आणि पाणी सोडून काही ठेवलं नाही. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, आजी, तुमचे मासे थाळीत गेले का? ती म्हणायची, जेवा तुम्ही गप. मग तिनं शेवाळ खाणारे शंख सोडले. मग शंखात राहणारे दोन बारके खेकडे, आणि त्यांच्यासाठी लहानमोठे रिकामे शंख. शर्मिलेनं विचारलं, रिकामे कशाला? "गो, खेकडो वाढता. त्याका मोठी खोली मिळाली नाय तर शेजाऱ्याक मारून त्याचा घर घेता. माणसापरास काय वेगळो नाय."

त्यानंतर दुकानदाराकडून दोनच केशरी पट्ट्यांचे मासे मागवले. तो म्हणाला तीन घ्या. ती म्हणाली, दोघांचो संसार चलता, तिसऱ्याचा मरण. एक निळा मासा त्यानं फुकट पाठवला, दिसायला मोरपंखी. तो सगळी टाकी आपलीच समजणाऱ्या जातीचा, हे कळताच तिनं तो पिशवीसकट परत पाठवला. जिवंत प्रवाळ कोणी चोरून आणून देऊ म्हणाला, त्याला तर तिनं पायरीवरूनच हाकललं. कायद्यानं बंदी आहे, आणि नसती तरी तिनं तोडू दिलं नसतं.

तिचा जीव होता एका जोडीवर. बीळ खणणारी आंधळी कोळंबी आणि बिळाच्या दारात बसणारा बोटभर मासा. कोळंबी खणायची, मासा राखण करायचा. धोका दिसला की तो शेपूट हलवायचा आणि दोघं आत. शिवाय एक लाल पाठीची, पांढऱ्या मिशांची कोळंबी, माशांचं अंग साफ करणारी. एवढाच तिचा गाव.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत दत्तूनं लायनफिश आणला. पंख पसरलेला, अंगभर काटे, आणि काट्यांत विष. टाकीच्या पाण्याची सवय व्हावी म्हणून त्यानं बंद पिशवी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली आणि जेवणाऱ्यांना सांगितलं, "अर्ध्या तासान राजाची एन्ट्री बघा!"

सुभद्रेनं पिशवीतलं तोंड बघितलं. मग दारातल्या पिंपातल्या खाऱ्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतला, स्टूल ओढलं आणि हात टाकीत घातला.

"आये, काय करतंस?"

"बसलंय."

"हात काढ. माका मासो सोडूचो आसा."

"सोड. हात आत आसा, तो काटो मारतलो, मी मरान. मगे तुझी टाकी, तुझो राजा."

"लोक बघतत गो!"

"बघूंदेत. तुकाच लोक बघूक होये होते ना?"

दत्तू आधी रागावला, मग गयावया करू लागला. त्यानं सांगितलं, लोकांना मोठा मासा लागतो, बोटभर माशाचा फोटो कोण काढणार? सुभद्रा म्हणाली, "मोठो मासो तुका होयो, पण ह्या बारक्यांचो घास मी नाय करूक देणंय. एका रात्रीत पोटात जातले सगळे."

तेवढ्यात पांढऱ्या मिशांची कोळंबी दगडाआडून आली. सुभद्रेच्या बोटावर चढली आणि तिच्या नखांच्या कडा टोकरायला लागली. एक लहान मुलगी जेवण टाकून उठली. "आजीची नखं साफ करते!" मग तिची आई उठली, मग शेजारचं टेबल. सोलकढीच्या वाट्या तशाच ठेवून माणसं टाकीभोवती जमली आणि फोटो काढू लागली, दत्तूच्या मते जिचा कोणी काढला नसता त्या बोटभर कोळंबीचेच.

अर्धा तास गेला, तास गेला. हात सुरकुतला, खांदा भरून आला. सुभद्रा हलली नाही. शेवटी शर्मिलाच पुढे झाली. तिनं मोठ्या बर्फाच्या पेटीत खारं पाणी भरलं, हवेची नळी सोडली, पिशवी उचलली आणि नवऱ्याला म्हणाली, "राजाक हय ठेवा. आणि दुकानदाराक फोन लावा, मासो आणलेली गाडी परत जातली तेव्हा घेऊन जा म्हणान." सासूच्या बाजूनं ती पहिल्यांदाच बोलली होती. दत्तूनं फोन लावला.

त्यानंतर तीन वर्षं टाकीत तिनं आणखी कोणाला घेतलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

यंदा फाल्गुनात सुभद्रा गेली, चार दिवसांच्या तापानं. टाकीसाठी समुद्राचं पाणी ती शेवटपर्यंत स्वतःच डोक्यावरून आणायची, डॉक्टरांनी वजन उचलायला आधीच मनाई केली होती तरी. दत्तू म्हणायचा, मागच्या खाडीतून नळीनं पाणी घेऊ. ती म्हणायची, खाडीत गोडं मिसळलेलं असतं, तुझी अक्कल त्यातच वाहून गेली.

ताप यायच्या आदल्या दिवशी भरती पुरी लागल्यावर ती डबा घेऊन कातळावर गेली. बोट बुडवून पाणी चाखलं, थुंकली, दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा चाखलं. अर्धा डबा भरला, फडक्यातून गाळला, डोक्यावर घेतला. वाटेत कोणी हात पुढे केला तर नको म्हणाली. घरी येऊन पाणी दिवसभर थंड व्हायला ठेवलं, जुनं पाणी तांब्यानं काढलं, नवं बारीक धारेनं घातलं. बिळाच्या दारातला मासा आत गेला, बाहेर आला. तिनं पदराला हात पुसले आणि शर्मिलेला चहा टाकायला सांगितलं.