गुलाबी मेणाचा कान

ताई मेण चोरते, असं मला वाटत होतं.

आम्ही दोघी दातांच्या लॅबमध्ये कामाला. ती कवळ्या बनवायची. मी फोन घ्यायची आणि बिलं करायची. साहित्यात पदवी घेतली की असंच काहीतरी वाट्याला येतं. ताई माझ्याहून बरीच मोठी. पहिल्याच दिवशी तिने आपला अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "जेव. इथे दातांची कमी नाही, चावायलाच काही नसतं." तेव्हापासूनची मैत्री.

कवळी एकदम पक्की करत नाहीत. आधी गुलाबी मेणात दात बसवतात. पेशंट ती घालून बघतो, हसतो, आरशापुढे तोंड वेंगाडतो. मेण आहे तोवर दात हलवता येतो. ताई म्हणायची, "एकदा पक्कं झालं की टोचलं तरी त्यानेच चावायचं."

या मेणाचे उरलेले तुकडे ती कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकायची. आधी इकडेतिकडे बघून. पूर्वी तिची पार्सलं लॅबच्या पत्त्यावर यायची. कधी चप्पल, कधी पर्स, कधी भाजी चिरायचं यंत्र. ती एकाएकी बंद झाली. ताई तुटक्या चपलेला टाके घालून आणायला लागली. चहाला बाहेर येईना. मला वाटलं, ही घरी चोरून कवळ्या बनवते. मालकाला सांगावं का, असंही मनात आलं. सांगितलं नाही. पण तिच्या पर्सकडे माझं लक्ष जायचं.

मग तिच्या सासूचा फोन आला. ताई त्या दुपारी एका दवाखान्यात मापं आणायला गेली होती.

"कोण बोलतंय?"

मी सांगितलं.

"कोण?"

मी ओरडून सांगितलं.

"ती पुस्तकं वाचणारी ना? ऐक. माझी सून माझ्यावर काहीतरी करतेय. तू शिकलेली आहेस. येऊन बघ. तिला बोलू नकोस."

"काय करतेय, आजी?"

"जेवले मी. तू ये."

मी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आजींनी मला आत घेतलं, जिन्यात डोकावून पाहिलं आणि कडी लावली. स्वयंपाकघरात ओट्यावर एक फळी होती. फळीवरचे डबे त्यांनी बाजूला केले.

मागे सगळं गुलाबी होतं. अंगठ्याएवढा मिक्सर. इवलीशी चप्पल, तिच्या पट्ट्यावर टाकेसुद्धा कोरलेले. पर्स. कानातली. सगळं मेणाचं. आणि कडेला एक कान. तो मात्र खऱ्या मापाचा होता, त्याच्या मागे मेणाचीच एक छोटी गाठ.

"कुणाचा आहे?" असं विचारून आजींनी मान वळवली. पदर मागे सारला.

त्यांच्या कानाची पाळी जुन्या दागिन्याने ओघळून फाटली होती. मेणाच्या कानाचीही तशीच फाटली होती.

"वर्षभरात मला ऐकू येईनासं झालंय," आजी म्हणाल्या. "उगाच होतं का? आणि मी झोपले की ही माझ्या कानाशी येऊन उभी राहते. तिला वाटतं मी झोपलेय. मी नुसती डोळे मिटून असते."

त्यांचा मुलगा लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवतो. शनिवारी घरी येणार होता.

"त्याच्यासमोर मी ही फळी रिकामी करते. या घरात एक तर ती राहील, नाहीतर मी."

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण त्या कानाला हात लावायची माझी हिंमत झाली नाही.

दार वाजलं. आजींना ऐकू आलं नाही. मी कडी काढली. दारात ताई. तिने मला पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून उघडी फळी पाहिली.

"तूसुद्धा?" ती म्हणाली.

मी दारातून बाजूला झाले. ती हळूच म्हणाली, "कार्डाचं कर्ज आहे गं. घरात कुणाला ठाऊक नाही."

"काय कुजबुजताय दोघी?" आजींनी विचारलं.

ताईने पेन शोधलं. आजींनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. "लिहून नको. कागदावर माणूस काहीही लिहितो. तोंडाने बोल."

बाहेर जिन्यात शेजारच्या बायका बोलत बसल्या होत्या. ताई खिडकी लावायला गेली.

"खिडकी कशाला लावतेस? उघड्यावर बोलण्यासारखं नाही वाटतं?"

ताई खिडकीपाशीच उभी राहिली. मग तिने श्वास घेतला.

"आई, माझ्यावर कर्ज आहे."

"काय आहे?"

"कर्ज! क्रेडिट कार्डाचं!"

जिन्यातलं बोलणं थांबलं.

"किती?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"दोन लाख होतं! आता चाळीस हजार राहिलंय!"

"कुणाला दिलेस एवढे?"

"कुणालाच नाही! फोनवर बोट लावलं की वस्तू यायची. ह्यांचा फेरा लांबला की जास्तच यायच्या. महिन्याला थोडे भरायचे, बाकीच्यावर व्याज चढायचं!"

मग तिने फळीकडे हात केला. काही घ्यावंसं वाटलं की ती आधी मेणात करायची. ओट्यापाशी डबे सरकवले की वस्तू समोर दिसायची. रोज दिसूनही हवीशी वाटली तरच घ्यायची. बहुतेक वस्तूंचा कंटाळा यायचा. मग ती मेण वितळवायची आणि वाचलेले पैसे कार्डात भरायची.

"मग घेतलंस काय त्यातलं?"

"एक पातेलं! जुनं गळत होतं!"

आजींनी पातेल्याकडे पाहिलं. उचलून बूड तपासलं. खाली ठेवलं.

"आणि माझा कान?"

ताई आता साध्या आवाजात बोलली. "कानामागची ती गाठ म्हणजे तुमचं ऐकायचं मशीन. दुकानदार म्हणतो, कार्डावर न्या, हप्ते बांधून देतो. हात शिवशिवला, म्हणून मेणात केलं. बाकी सगळं वितळतं. हेच एक वितळवता येत नाही."

हे तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं.

आजींनी तो कान हातात घेतला. पाळीवरून बोट फिरवलं.

"झोपेत माप घेत होतीस?"

"जागेपणी घेऊ दिलं असतंत?"

"नसतं दिलं," आजी म्हणाल्या. कान त्यांनी जागेवर ठेवला, पण डबे पुढे ओढले नाहीत. "शनिवारी त्याला तू सांग. नाहीतर जिन्यातल्या सांगतील. एवढं ओरडायचं असतं का?"

शनिवारी ताईने सांगितलं. सकाळी नवऱ्याने कार्ड मागितलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"कापून टाकू?" तिने विचारलं.

"कापून काय होणार? बोटं तुझीच आहेत."

तो ट्रक घेऊन गेला. वाटेतून फोन केला, किती राहिलं म्हणून. आता प्रत्येक फेऱ्याला विचारतो. घरी आला की तिचा फोनही उघडून बघतो. ताई देते.

मशीन अजून आलेलं नाही. आधी कर्ज, असं आजींनी ठरवून टाकलं. ताईचा पगार झाला की त्या स्वयंपाकघरातून विचारतात, आणि ताईला आकडा ओरडून सांगावा लागतो. परवा मी तिथेच होते.

"अकरा हजार!" ताई ओरडली.

जिन्यातून आवाज आला, "मागच्या महिन्यात चौदा होते ना? तीनच भरले?"

"ट्रकचा टायर फुटला होता!" ताईने जिन्याला उत्तर दिलं.

"जिन्यातली काय म्हणाली?" आजींनी मला विचारलं.

"कमी भरले म्हणतेय!"

आजींनी ताईला नखशिखान्त न्याहाळलं. तिच्या पायांत टाके घातलेली तीच चप्पल होती. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावर आली. माझी बॅग नवीन होती.

"आणि ही कुणाच्या पैशांची?"

"माझ्याच!" मी ओरडले.

जिन्यातलं बोलणं पुन्हा थांबलं.