शिशानं मारलं

मी शाळेत व्याकरण शिकवायचो आणि चुकीचं लिहिणाऱ्याला डस्टर फेकून मारायचो. त्याची आज लाज वाटते, तेव्हा अभिमान होता. ऐंशीच्या दशकात बदलीवर तलासरीला आलो आणि इथली बोली ऐकून माझं डोकंच फिरलं. थोडी गुजराती, थोडी हिंदी, उरलेली त्यांची स्वतःची. बाजारात भाजी घेतानासुद्धा मी लोकांचे उच्चार सुधारायचो. लोक हसून हो म्हणायचे आणि पुन्हा तसंच बोलायचे.

शेजारच्या खोलीत माझ्यासारखेच बदलीवर आलेले एक हवालदार राहायचे. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून लिहायचं काही निघालं की मला हाक यायची. एका रविवारी दुपारी अच्छाडजवळच्या ढाब्यावर मारामारी झाली. आम्ही पोचलो तेव्हा तिथला आचारी बाकावर आडवा होता. कपाळ फाटून भुवईची कातडी डोळ्यावर लोंबत होती. कान, मान, बनियन सगळं रक्तानं भिजलेलं. त्याला डहाणूला न्यायला एक ट्रक थांबवला होता, पण आधी जबाब हवा म्हणून हवालदार घाई करत होते. आचाऱ्यानं जवळच्या पाड्यावरच्या एका ताडीवाल्याचं नाव घेतलं. म्हणाला, "शिशान मारला मना त्यान." एवढं बोलून तो भडाभडा ओकला, आणि लोकांनी त्याला उचलून ट्रकमध्ये घातलं. ढाब्यामागे फुटक्या काचांचा खच कायमच असायचा, त्यामुळे तिकडे कोणी बघितलं नाही.

"शिशानं म्हणजे?" हवालदारांनी मला विचारलं.

इथं मी माझं ज्ञान पाजळलं. शिसं हा धातू, म्हणालो, संस्कृतात सीस. पेन्सिलीत तो नसतो तरी आपण शिसपेन्सिल म्हणतो. चिखले गावचे मच्छीमार जाळं बुडावं म्हणून त्याच्याच गोळ्या ओवतात. जुन्या काळी शिक्षा म्हणून कानात ओतायचे, तेही हेच.

"आणि बंदुकीची गोळी?"

"तीही शिशाचीच," मी म्हणालो.

हवालदारांचा चेहरा बदलला. चोरटी ठासणीची बंदूक पकडली तर वरून शाबासकी मिळणार होती. मी जबाबात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शिशाच्या गोळीने मारले'. गोळी हा शब्द आचाऱ्यानं उच्चारलाच नव्हता. मला वाक्य अपुरं वाटलं, ते मी पुरं केलं.

तासाभरात आम्ही पाड्यावर गेलो. झडतीला पंच म्हणून मला बरोबर घेतलं होतं, शिवाय एक शिपाई. ताडीवाला अंगणातच बसला होता. ताडावर चढून चढून त्याचे तळहात चामड्यासारखे झाले होते. ताडीवरून भांडण झालं आणि आपण आचाऱ्याला मारलं, हे त्यानं लगेच कबूल केलं.

"शिसं कुठाय? काढ बाहेर," हवालदार ओरडले.

तो आत गेला आणि रिकामी हिरवी बाटली घेऊन आला. दोन्ही हातांनी पुढे केली. हवालदारांनी ती हिसकून त्याच्याच बोटांवर फोडली.

"मस्करी करतोस? शिसं काढ."

बोटांतून रक्त गळत असताना तो पुन्हा आत गेला आणि दुसरी बाटली घेऊन आला. "शिसाच हाय ना, साहेब. मारलेला तो फुटला."

पहिली बाटली त्याच्या हातात दिसली तेव्हाच मला सगळं कळलं होतं. इथले लोक बाटलीला शिसा म्हणतात. शिसा फारसीतून आलेला, काचेचा. शिसं संस्कृतातलं, धातूचं. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही, पण विभक्ती लागली की दोन्हींचं 'शिशानं'च होतं. सातवीच्या वर्गात मी हेच सामान्यरूप शिकवायचो. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण जबाबातली 'गोळी' माझ्या हातची होती, आणि तिच्यामुळे माझी नोकरी जाईल या भीतीनं माझी दातखीळ बसली.

दुसरी बाटली त्याच्या मनगटावर फुटली. त्याची बायको हवालदारांच्या पायाशी पडली. "हातावर नको, साहेब. चढायचा कसा त्यान?" ती म्हणत होती. तो तिसरी घेऊन आला. ती फुटल्यावर शिपायानं त्याला खाली पाडलं, उजवा हात काचांवर ठेवला आणि वर बूट दाबला. काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

तेव्हा मी बोललो. "तो बाटलीच म्हणतोय, हवालदारसाहेब. इकडं बाटलीला शिसा म्हणतात. बंदूक नाहीये."

हवालदार धापा टाकत माझ्याकडे वळले. "मग आधी का नाही बोललात, गुरुजी?"

मी जबाबातल्या 'गोळी'वर बोट ठेवलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, कारण आता आम्ही दोघं एकाच कागदात अडकलो होतो. अंगणातच जुना जबाब फाडला. मी नवा लिहिला, त्यात 'बाटली' असा स्वच्छ शब्द घातला. आचारी शुद्धीवर आला की त्याची सही घेऊ, असं हवालदार म्हणाले. मग त्यांनी ताडीवाल्याच्या हाताबद्दल सांगितलं आणि मी तेही त्याच्या वेगळ्या कबुलीजबाबात लिहिलं, की पळून जाताना तो काचांवर पडला. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं नाही. त्याचा अंगठा मीच धरून कागदावर टेकवला. शाई लावावी लागली नाही.